शेवटचे दोन दोर

“भिजव गं, भिजव!”

सासऱ्यांची ती हाक वाळूवरून यायची. वाऱ्यानं अर्धी खाल्लेली असायची, तरी पाण्याच्या कडेला उभ्या सुनेच्या कानात बरोबर पडायची. मग तिनं वाकायचं, दोराचं वेटोळं पाण्याखाली दाबायचं, बुडबुडे यायचे थांबले की मान वर करून ओरडायचं, “भिजला!” तो शब्द आल्याशिवाय सासऱ्यांची काठी जागची हलत नसे. दिवसभरात चव्वेचाळीस हाका आणि चव्वेचाळीस होकार.

सासरे या पावसाळ्यात गेले. हाक काही गेली नाही. राखेनं पातेलं घासताना, सरपण मोडताना ती मधेच यायची आणि हात जागच्या जागी थांबायचे.

गावात तिला अजून धाकटीच म्हणत. बावन्न वर्षांची झाली, गुडघ्याला हात लावून उठायला लागली, स्वतःची सून आली, त्या सुनेला आठ दिवसांपूर्वी मुलगी झाली, तरी दोरकऱ्याच्या घरची धाकटी ती धाकटीच. थोरली जाऊ कधीच देवाघरी गेली होती. आणि थोरल्या दिराचं नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं.

नदी या गावाला पाठ करून वळते, रुसून बसलेल्या बाईसारखी. वळणाच्या पोटात गाव. वरची आळी टेकाडावर, खालची आळी पाण्याच्या तोंडाशी, मधे दगडी पायऱ्या. वरच्या अंगाला डोह, त्याचा तळ कुणी पाहिलेला नाही. खालच्या अंगाला खडक, तिथून पाणी उथळ, गुडघाभर. पावसाळ्यात नदी बाराव्या पायरीपर्यंत चढते. ओसरली की समोर वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो, आणि तेच गावाचं शेत. कागदावर ते कुठंच नाही. टेकाडावर नुसता मुरूम. वाळूत खड्डे खणायचे, शेणखत भरायचं, कलिंगडं लावायची, काकड्या लावायच्या. वाळू पिकली तर गाव जेवतं. बायका खड्डे खणताना म्हणतात,

*नदीनं दिली वाळू, नदीच घेऊन जाईल,*
*मधल्या आठ महिन्यांत जो तो पेरून घेईल.*

ही वाळू वाटायची ती दोरानं. तीस हात लांबीचा अंबाडीचा दोर, दोन्ही टोकांना फासे, फाशांत काठ्या. एका घराला पाण्याच्या कडेनं दोन दोरांची पट्टी, हद्दीला खुंट. अंबाडी भिजली की आखडते, सुकली की सैल पडते. म्हणून दर खेपेला दोर बुडवायचा, सगळ्यांना सारख्याच ओल्या दोरानं मोजायचं. काठ्या दोन पुरुषांच्या हातात, दोराला हात फक्त बुडवणारीचा.

तो दोर पिढ्यान्‌पिढ्या या एका घरात, आढ्याला टांगलेला. दोरकऱ्याची पट्टी रांगेत सगळ्यांत शेवटी. वर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावासमोर त्यानं आपल्या घरच्या पट्ट्या परत मोजून दाखवायच्या. सासरे सांगायचे, “लोकांचं एकदा मोजायचं, आपलं दोनदा. आणि ज्या घरच्या दोराला खोट, त्या घराला वाळूवर पाय ठेवायला जागा नाही.”

यंदा नदीनं दगा दिला. पाणी उशिरा उतरलं आणि उतरलं ते वाट बदलून. डोहाकडची निम्मी वाळू खरवडून नेली. बावीस घरांची वाळू एकोणीस पट्ट्यांवर आली. तीन घरांना दुसऱ्यांत निमवाट्यानं घालावं लागणार होतं, आणि कुणाला घालायचं त्यावरून पायऱ्यांवर चार दिवस भांडण चाललं होतं.

आता दोरकरी धाकटीचा नवरा. मोजणीच्या आदल्या दिवशी त्यानं आढ्यावरून दोर उतरवला आणि ओट्यावर पसरला. धाकटी समोर बसून हातभर हातभर दोर बोटांखालून सोडत होती, कुठं उंदरानं कुरतडलाय का बघत.

“यंदा पाण्यात मलाच उभं राहावं लागणार,” ती म्हणाली.

“दुसरं कोण? सून बाळंतीण.” दोरकरी काठीचं टोक तासत होता. “झेपेल ना?”

“न झेपून सांगू कुणाला!”

तेवढ्यात अंगणात सावली पडली. थोरल्याची लेक. पंचविशीची, हाडानं बापासारखी, तळव्यांना भेगा. उंबऱ्याच्या अलीकडेच उभी राहिली.

“काका, शेवटचं विचारायला आले.”

दोरकऱ्यानं तासणं थांबवलं नाही. “विचार.”

“आजोबा होते तोवर आम्ही तोंड उघडलं नाही. आता ते नाहीत. बाबांची पट्टी द्या. अख्खी नको, निमवाट्यानं द्या. कुणाच्या शेजारी घाला, शेवटाला घाला.”

“अगं, इथं बसलेल्यांना पुरत नाही.”

“एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पट्टीत खड्डे खणले त्यांनी. यंदा ते कामही कुणी देत नाही, ज्याची त्याची माणसं ज्याला त्याला पुरून उरतात. उद्या वीटभट्टीवर जायचं ठरलंय. हातगाडी भरून ठेवलीय.” तिनं हात खालच्या आळीकडे केला. “भट्टीवर त्या माणसाचं काय होणार, काका? सत्तरीला आलाय. रात्रभर खोकतो.”

“मी काय करू? बापानं ठरवलेलं मी मोडू? खुंट सरकलेला होता. गावानं डोळ्यांनी पाहिला. दोर खोटं बोलत नाही.”

“दोराला काय तोंड असतं?” पोरगी म्हणाली. मग धाकटीकडे वळली. “काकू, तुम्ही तरी बोला.”

धाकटीच्या बोटाखाली दोराची गाठ आली होती. तिनं ती घट्ट धरली.

“पाणी देऊ का गं तुला?” ती म्हणाली.

पोरीनं तिच्याकडे बघितलं. “नको. पाण्याकाठीच राहतो आम्ही,” म्हणाली आणि गेली.

एकतीस वर्षांपूर्वीचा तो दिवस धाकटीला आजच्यासारखा आठवायचा. पाचवा महिना, पहिलटकरीण. सकाळपासून पिंडऱ्यांपर्यंत पाण्यात. दुपारी बायकांनी भाकरी सोडल्या तेव्हा फक्त शेवटच्या दोन पट्ट्या उरल्या होत्या. एक सासऱ्यांची आणि एक थोरल्याची, कारण थोरला वर्षभरापूर्वी वेगळा राहिला होता. सासऱ्यांची जेवायच्या आधी उरकली. दोर तापल्या वाळूवर पडून राहिला. थोरला तिच्या शेजारून जाताना थांबला होता. “अगं, बस जरा. पाय बघ किती सुजलेत,” म्हणाला होता. घरात तिच्या पायांकडे बघणारा तो एकटाच निघाला.

ती बसली. उठली तेव्हा पोटात कळ आली, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, डोळ्यांपुढं काजवे. तिकडून हाक. “भिजव गं, भिजव!” पाणी चार पावलांवर होतं. ती चार पावलं तिच्यानं टाकवली नाहीत. दोर हातात, कोरडा, ऊन ऊन. आणि तिच्या तोंडून शब्द गेला, “भिजला!” दुसऱ्या खेपेलाही गेला. तिला वाटलं, घरचीच तर पट्टी. कुणाचं काय जातंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी सगळ्यांसमोर घरच्या पट्ट्या परत मोजल्या. स्वतःची बरोबर भरली. थोरल्याची तीन हात जास्त. तीन हात म्हणजे खड्ड्यांची एक अख्खी ओळ. सासऱ्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तीन हात. मग ते थोरल्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्याच्या थोबाडीत मारली. चाळिशीला टेकलेल्या, वेगळा संसार थाटलेल्या लेकाच्या. “खुंट हलवलास? माझ्या दोराला बट्टा?” थोरला एवढंच म्हणाला, “मी हात लावला नाही, बाबा.” ती पाण्यात उभी होती. दोर तिच्या हातात होता, चिंब. सांगते, आत्ता सांगते, असं म्हणत ती उभीच राहिली.

आठ दिवसांनी तिचं पोट रिकामं झालं. मग महिनाभर तिच्याशी कुणी काही बोललं नाही, आणि तीही नाही. पुढं दोराची मागची काठी तिच्या नवऱ्याच्या हातात आली. पुढं मुलगा झाला. सांगायचं ते खाली जात राहिलं, डोहात टाकलेल्या दगडासारखं. थोरल्याला गावानं नाव दिलं, खुंट्या.

संध्याकाळ व्हायच्या आत ती हंडा घेऊन नदीवर गेली. खालच्या आळीतून गेलं की थोरल्याची खोली लागते. एकच दार, पत्र्याला दगड ठेवलेले. बाहेर हातगाडी. तिच्यावर फावडं, दोन टोपल्या, गोधड्यांचं गाठोडं, उलटं घातलेलं पातेलं. एवढाच संसार.

थोरला पायरीवर बसला होता. हातांची बोटं वाकलेली, फावड्याच्या दांड्याएवढीच उघडणारी. तिला बघून त्यानं नजर नदीकडे केली. एकतीस वर्षं तो असंच करत आला होता, तिला चोरट्यासारखं वाटू नये म्हणून की स्वतःला, कोण जाणे.

ती चार पायऱ्या खाली गेली. मागून त्याचा आवाज आला, नदीशी बोलावं तसा.

“यंदा दोराला तूच का?”

“हो.”

“शेवाळ आलंय त्या कडेला. आणि पाण्यात फार वेळ उभी राहू नकोस. मधे बसत जा जरा.”

हंडा भरला, पण डोक्यावर घेताना निम्मा अंगावर सांडला.

मोजणीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. सगळं गाव वाळूवर. दोरकऱ्याच्या हातात पुढची काठी, मुलाच्या हातात मागची. सव्वीस वर्षांचा मुलगा, पहिल्यांदाच काठी धरलेली, चेहरा कुणाचं तरी लग्न लावायला निघाल्यासारखा. पहिला खुंट नेहमीप्रमाणं नावाड्यानं ठोकला. नावाडी गावात सगळ्यांत म्हातारा, वाटणीत त्याचा शब्द शेवटचा.

“भिजव गं!” दोरकऱ्यानं हाक दिली. बापाची हाक त्याला आली नव्हती, मधेच फाटली.

“भिजला!”

“अरे, हा काय आवाज!” कुंभार ओरडला. “म्हाताऱ्याच्या हाकेला डोहातले मासे वर यायचे. तुझ्या हाकेला बेडूकसुद्धा बघत नाही.”

लोक हसले. दोरकरीही हसला, काठी रोवली. एक झाली. दोन झाल्या. तीन. पाणी बर्फासारखं, मग कोमट, मग दुपारकडे नुसतं जड. धाकटीच्या पायांना आधी मुंग्या आल्या, मग काहीच वाटेना. ती दर वेळी दोर पुरता बुडवत होती, गुडघ्यांनी दाबून. बुडबुडे थांबले तरी अजून चार श्वास.

आठव्या पट्टीला थोरला आला. दर वर्षी यायचा. काम मिळेल म्हणून कडेनं चालत राहायचा. दोन्ही हात पाठीमागं, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. खुंटांच्या रांगेजवळून तो एकतीस वर्षं असाच चालत होता, म्हणजे कुणाला म्हणायला नको. लहान पोरांना वाटे, त्याचे हात मागंच उगवलेत.

“खुंट सांभाळा रे, बघा कोण आलं!” कुंभारानं सवयीनं सांगितलं. हे वाक्य इतकं जुनं झालं होतं की कुणी हसलंही नाही. थोरला मान खाली घालून पुढं गेला. त्याच्या मागं लेक. ती कुंभारापाशी थांबली.

“उद्यापासून कुणाला म्हणाल, काका? करमेल का तुम्हाला?”

कुंभार चरफडला आणि दुसरीकडे बघायला लागला.

सोळा झाल्या. सतरा. ऊन डोक्यावर आलं तेव्हा नावाड्यानं भाकरी सोडायला सांगितलं. दोन उरल्या होत्या. अठरावी कुंभाराची, एकोणिसावी दोरकऱ्याची. दोर वाळूवर टाकून दोघं बापलेक सावलीला गेले.

धाकटी दोराजवळच बसून राहिली. वाळू तापली होती. ती बघत होती आणि तिच्या डोळ्यांदेखत दोर सुकत होता. आधी वरचे धागे पांढरे पडले, मग पीळ सैलावला, मग सगळा दोर वाळूच्याच रंगाचा झाला.

नवरा पाण्याचा तांब्या घेऊन आला. “पी. आणि दोन घास खा.”

“अहो, ऐका ना. तुमच्या दादाला निमवाट्यानं घ्या आपल्यात.”

“आता? शेवटच्या दोन पट्ट्यांवर?”

“मी सांगते म्हणून.”

तो तिच्या जवळ बसला, आवाज खाली आणला. “मला वाईट वाटत नाही असं समजतेस तू? माझा पाठचा भाऊ नाही, पुढचा आहे. त्यानं मला पोहायला शिकवलं त्या डोहात. पण घेतला तर लोक म्हणणार, दोर हातात आला आणि चोर घरात घेतला. उद्या आपल्या पोराच्या हातातली काठी कोण मानेल? घरात आठ दिवसांची पोर आहे आपल्या.”

“आणि चोर नसेल तर?”

“मग तीन हात कुठून आले? वाळूला पाय फुटले?”

तिनं सुकलेला दोर जवळ ओढला. त्यानं तांब्या वाळूत रोवला आणि उठला.

कुंभाराची पट्टी मोजून झाली. एकोणिसावीसाठी दोर परत तिच्याकडे ओढला गेला. सगळं गाव आता खालच्या टोकाला गोळा झालं होतं. खडकांपलीकडे उथळ पाण्याच्या कडेला हातगाडी आणून ठेवलेली तिला दिसली. पोरगी दांडा धरून. थोरला या बाजूला, शेवटच्या खुंटाच्या चार हात मागं, मनगट धरून उभा. शेवटचं बघून मग जायचं, एवढंच त्याचं असावं.

ती पाण्यात उतरली. चार पावलं. वाकली. दोर बुडवला. बुडबुडे आले, मोठे, मग मण्यांएवढे, मग थांबले. अंबाडी हाताखाली आवळत चालली, जिवंत असल्यासारखी.

“भिजव गं!”

दोर भिजला होता. पुरता भिजला होता. तिनं तोंड उघडलं आणि शब्द आला नाही.

“भिजव गं, भिजव!”

वाऱ्यानं अर्धी खाल्लेली हाक. नवऱ्याचीच, पण या खेपेला ती बापाची होऊन आली. धाकटी पाण्यात गुडघ्यांवर बसली होती. लुगडं छातीपर्यंत ओलं.

“आई!” मागची काठी धरून मुलगा ओरडला. “चक्कर आली का?”

“अरे, धरा तिला,” नावाडी म्हणाला. “सकाळपासून उभी आहे.”

दोन बायका पुढं झाल्या. त्यांच्याही आधी थोरला निघाला होता. हात पाठीमागं होते ते सुटले, खुंटाच्या अंगावरूनच तो पाण्यात आला. तिच्यापासून दोन हातांवर येऊन मात्र थबकला, सवयीनं.

“बस जरा. वर वाळूवर बस,” तो म्हणाला. “पाय बघ.”

ती उठली. कुणाच्या आधाराशिवाय, दोराचं वेटोळं छातीशी धरून. पाणी त्यातून तिच्या पोटावरून खाली गळत होतं.

“नावाडीबाबा,” ती म्हणाली, “ज्या घरच्या दोराला खोट, त्या घराचं काय?”

“अं? ते माहितीच आहे की. वाळूवर जागा नाही. का गं?”

दोरकरी काठी टाकून धावत येत होता. “काय झालं? अगं, काय बोलतेस तू?”

तिनं नवऱ्याकडे बघितलं. मग मुलाकडे, त्याच्या हातातल्या काठीकडे. टेकाडावर त्यांचं घर दिसत होतं. आत सून पोरीला पाजत असेल.

“ही पट्टी मोजू नका,” ती म्हणाली.

“चल घरी. ऊन लागलंय तिला.” नवऱ्यानं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला, हळूच, त्याला लागू नये असा. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती थोरल्या दिराच्या तोंडाकडे बघून बोलली. आवाज मोठा नव्हता, पण पाण्यावरून तो शेवटच्या माणसापर्यंत गेला.

“त्या दिवशी तुमचे दोन दोर मी बुडवलेच नव्हते, भाऊजी. कोरड्या दोरावर भिजला म्हणाले.”